गेमबॉयच्या कॅसेटी लॅपटॉपवर: जीबी ऑपरेटर की जीबीएक्सकार्ट?

भाचा या दोघांत अडकलाय. गेमबॉय म्हणजे निन्टेन्डोचं जुनं, हातात धरून खेळायचं यंत्र. त्याची कॅसेट लॅपटॉपला जोडणारी ही दोन्ही यंत्रं यूएसबीवर चालतात, गेमही लॅपटॉपवर उतरवतात आणि सेव्हही, म्हणजे खेळातली साठवलेली प्रगती.

सोयीत ऑपरेटर सरस. कॅसेट खोचली की त्याच्याच प्लेबॅक अ‍ॅपमध्ये लगेच खेळता येतं. जीबीएक्सकार्ट स्वस्त, पण त्याला फ्लॅशजीबीएक्स हे मोफत सॉफ्टवेअर लागतं आणि खेळायला एमजीबीएसारखा वेगळा एम्युलेटर, म्हणजे लॅपटॉपवर गेमबॉयची नक्कल करणारं सॉफ्टवेअर.

खरी घाई सेव्हची आहे. 1999 च्या पोकेमॉन गोल्डमध्ये सेव्ह आणि घड्याळ एकाच बारक्या बॅटरीवर जगतात. ती संपली की सगळी मेहनत पुसली जाते. म्हणून आधी सेव्ह उतरवा, मग बॅटरी बदला, मग सेव्ह परत चढवा. हे दोघांनाही जमतं.

पटकन खेळायचं असेल तर ऑपरेटर घ्या. कमी खर्चात ढीगभर कॅसेटी जपायच्या, पुन्हा लिहिता येणाऱ्या फ्लॅश कॅसेटींवर गेम चढवायचे, तर जीबीएक्सकार्ट. भाच्याला मी जीबीएक्सकार्टच सुचवलाय.