बारा आकडी कॅल्क्युलेटर घेतला, चांगलाय पण कॉमा चुकीच्या जागी

नवी पेठेतनं मागच्या महिन्यात बारा आकडी कॅल्क्युलेटर घेतला, ४५० ला, दुकानदार दहा रुपये पण सोडेना. जुना आठ आकडी होता, टॉवेलच्या बिलांचं भागत होतं खरं तर, पण पोरीनं घोळ घातला. नववीत आहे, कुठनं तरी ३८१६५४७२९ हा आकडा घेऊन आली, म्हणे पप्पा याला नवानं भागून दाखवा. शेवटचा ९ घेतच नव्हता जुना!

त्यामुळं नवीन आल्या आल्या पहिली टेस्ट हीच. १ ते ९ सगळे एकेकदाच आलेत बघा त्यात. आता डावीकडनं दोन घ्या, ३८, दोननं जातो. ३८१ तीननं, ३८१६ चारनं, असं करत पार नवापर्यंत, बाकी कुठंच उरत नाही. सातचं मला खरं वाटेना म्हणून ३८१६५४७ भागिले ७ केलं, ५४५२२१ आलं, पॉइंटच्या पुढं काही नाही. नऊ आकडे उलटसुलट मांडले तर ३,६२,८८० संख्या होतात, आणि त्यात हे जमणारी ही एकटीच. वर शेवटी शून्य लावलं की दहानं पण जाते.

पोरगी म्हणाली पाचव्या जागी ५ च येणार, शून्य वापरलंच नाही ना, आणि दुसऱ्या-चौथ्या-सहाव्या-आठव्या जागी सम आकडेच लागणार, म्हणजे विषम उरलेल्या जागी आपोआप गेले. नवाचं तर बघायलाच नको, कशीपण मांडा बेरीज ४५ च. इथपर्यंत कळलं मला, पुढचं ३ आणि ४ चं तिनं वहीत काढून दाखवलं तवर जेवण थंड झालं.

आता मशीनचं. बाणाचं बटण मस्त आहे, शेवटचा एकेक आकडा खोडत जातं, पण एकदा बरोबरचं चिन्ह दाबलं की संपलं, परत सगळं टाईप करा. जीटी, म्हणजे आधीच्या सगळ्या उत्तरांची बेरीज दाखवणारं बटण, सांभाळून वापरा. दोनपासून नवापर्यंतचे भागाकार करून मी तसाच बिलाला बसलो, शेवटी जीटी दाबलं तर टॉवेलचं बिल पावणेपाच कोटीच्या वर! आधी एसी, म्हणजे सगळं पुसायचं बटण, दाबायचं असतं. ७ चं बटण घट्ट होतं, एकदा दाबलं की दोनदा उमटायचं, पण बिल दाखवल्यावर पीस बदलून दिला, दुकानदाराला त्याबद्दल मानलं.

खरा राग कॉमाचा. स्क्रीनवर ३८१,६५४,७२९ असं दिसतं. अरे आमच्याकडं ३८ कोटी १६ लाख म्हणतात, दर वेळी मनात कॉमा सरकवत बसायचं का? लाख-कोटीवाला मॉडेल पण असतो म्हणे, घेताना विचारून घ्या, मी नाही विचारलं. साडेतीन स्टार.