मुळ्या फुटवायची पावडर: तिन्ही हंगामांत वापरून बघितल्यावर

झाडाची काडी कापून रोप करताना तिच्या बुडख्याला लावायची ही पावडर कामाची आहे, पण डबीवर छापलंय तितकी नाही. आमच्याकडे खानापूरच्या बाजूला पावसाळ्यात तर कित्येक झाडांना तिची गरजच पडत नाही.

मृग लागला की हवाच इतकी ओली असते की तगर, कण्हेर, साधी लाल जास्वंद यांच्या काड्या नुसत्या पिशवीत खोचल्या तरी धरतात. पावडर लावलेली ओळ आणि बिनपावडरची ओळ शेजारी शेजारी ठेवली. लावलेल्यांना मुळ्या थोड्या आधी आल्या असतील, पण गिऱ्हाईक त्याचे जादा पैसे देत नाही. (कण्हेरीचा चीक विषारी, कामावरच्या अक्का काड्या कापायला बसतात तेव्हा हातमोजे द्या आणि चहाआधी हात धुवायला लावा.)

पैसे वसूल झाले ते बोगनवेल, मुसंडा, अनंत आणि एक्झोरामध्ये. बोगनवेलीची पेन्सिलीएवढी जून काडी, सहा-आठ इंच लांब, डोळ्याच्या (जिथून फूट येते त्या गाठीच्या) जरा खाली कापलेली. बिनपावडरच्या ओळीत बऱ्याच काड्या वरून हिरव्या फुटतात, आपण खूश होतो आणि उपटून बघावं तर खाली काहीच नाही. काडीतला साठा संपला की तो फुटवाही गळतो. पावडरीच्या ओळीत ही फसवणूक बरीच कमी झाली. एक्झोराला मात्र पावडर लावूनही दीड-दोन महिने थांबावंच लागतं.

डबी घेताना फोटो बघू नका, आकडा बघा. आत बहुतेक शंखजिरंच असतं, काम करतं ते त्यात मिसळलेलं आयबीए, म्हणजे इंडोल ब्युटिरिक अ‍ॅसिड. कोवळ्या काडीला ५०० ते १००० पीपीएम (दहा लाख भाग पावडरीत आयबीएचे तेवढे भाग), अर्धवट जून काडीला १००० ते ३०००, कडक लाकडाला त्याहून वर. कोवळ्या काडीला कडक लाकडाची पावडर लावली तर बुडखा काळा पडतो. एका दुकानदारानं 'सगळ्याला एकच चालतंय' म्हणून हातात डबी ठेवली, तिच्यावर आकडाच नव्हता. ती तशीच परत केली.

काडी थेट डबीत बुडवू नये. ओल आणि बुरशी आत जाते आणि उरलेली पावडर वाया जाते. वाटीत लागेल तेवढीच काढावी, काडी बुडवून झटकावी आणि आधी खिळ्यानं भोक पाडून मग खोचावी, नाहीतर पावडर वरच पुसली जाते. डबी शेडमध्ये पत्र्याखाली ठेवू नका, उष्णतेनं जोर जातो.

डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत सगळंच रेंगाळलं. फेब्रुवारीनंतर वारं कोरडं झालं तशी पावडर लावलेल्या काड्याही वाळायला लागल्या. मूळच नाही तर काडी पाणी पिणार कशानं, आणि पानं तर उडवतच असतात. तेव्हा उपयोगी पडला तो बांबूच्या कामट्यांवर ताणलेला साधा पारदर्शक प्लास्टिकचा बोगदा, वर शेडनेट, काड्यांची पानं अर्धी छाटलेली. एप्रिलात दुपारी त्याची दोन्ही तोंडं उघडावी लागतात, नाहीतर आत काड्या शिजतात.

म्हणून नवीन रोपवाटिका घालणाऱ्यानं पहिला खर्च प्लास्टिक आणि कामट्यांवर करावा. पावडर नंतर, तीही छोटी डबी, बोगनवेलीपुरती. मी पुढच्या खेपेला जून काडीची तेवढी घेणार आहे. कोवळ्या काडीची आता मागवणार नाही.