कॅट्स क्लॉ कॅप्सूल (६० नग): दोन तारे, तेही पॅकिंगला

बाटली छान आहे, ते आधी सांगते. सील घट्ट, आत सिलिका जेलची पुडी, कॅप्सूल एकसारख्या भरलेल्या, एकही फुटलेली नाही. दोन तारे त्याचे. उरलेले तीन लेबलाने घालवले.

बडोद्यातल्या एका औषध कंपनीच्या क्वालिटी कंट्रोलमध्ये माझी सगळी नोकरी झाली. रिटायर झाले, पण बाटली हातात आली की अजून आधी मागची बाजू वाचते. इथे काय लिहिलंय? ‘कॅट्स क्लॉ ५०० मि.ग्रॅ., ॲमेझॉनच्या जंगलातून.’ संपलं. साडेचौदाशे रुपयांत एवढीच माहिती.

कॅट्स क्लॉ ही वेल दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशातल्या आणि आसपासच्या वर्षावनांतली, कॉफीच्या कुळातली. मांजराच्या नखांसारख्या वाकड्या काट्यांनी झाडाला धरून वर चढते. पेरूतले आशानिंका लोक पिढ्यान्‌पिढ्या तिचं औषध करत आलेत. त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. पण या एका नावाखाली उन्कारिया टोमेंटोसा आणि उन्कारिया गुइआनेन्सिस अशा दोन जाती विकतात आणि दोघींतली अल्कलॉइडं, म्हणजे वनस्पतीतली गुणकारी रसायनं, सारखी नसतात. त्यात भर म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या अकेशिया ग्रेगी नावाच्या काटेरी झुडपालाही लोक कॅट्स क्लॉच म्हणतात, आणि त्यात सायनाइड तयार करणारं द्रव्य असतं. तेव्हा शास्त्रीय नाव छापा म्हणणं हा म्हातारीचा हट्ट नाही.

जाहिरातीत ‘गुडघेदुखीवर सिद्ध’ असं ठोकून दिलंय. गुडघ्यांच्या झिजेवर २००१ साली प्रसिद्ध झालेली एक चाचणी आहे खरी. रुग्ण ४५, मुदत चार आठवडे. हालचाल करताना होणारं दुखणं पहिल्याच आठवड्यात कमी झालं. रात्रीचं आणि बसल्या जागचं दुखणं मात्र फारसं हललं नाही. पण ती गुइआनेन्सिसची, आणि डोस होता रोज १०० मि.ग्रॅ. सुकवलेला अर्क. या बाटलीतले ५०० कशाचे? दळलेल्या सालीचे की अर्काचे? आमवातावर २००२ मध्ये ४० जणांवर टोमेंटोसाच्या अर्काची चाचणी झाली, चालू औषधांच्या जोडीने. थोडा गुण आला. थोडाच.

हे सगळं एक वेळ चालवून घेतलं असतं. ‘१००% नैसर्गिक, दुष्परिणाम नाहीत’ हे नाही चालवून घेणार. रक्त पातळ करणाऱ्या किंवा बीपीच्या गोळ्या चालू असतील, किडनी वगैरे बसवल्यावर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं असतील, ऑपरेशन ठरलेलं असेल किंवा दिवस गेले असतील, तर हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय घ्यायचं नाही. लेबलावर यातलं एक अक्षर नाही.

आमच्या थोरल्या जाऊबाई दांडिया बाजारातून खास या बाटलीसाठी आल्या. हृदयाची झडप बदललेली, रोज वॉरफेरिन, म्हणजे रक्त पातळ करणारी गोळी, ठरल्या वेळी रक्ततपासणी. म्हणाल्या, “अगं, जंगलातलं आहे, त्याने काय होतंय? दे चार कॅप्सूल.” म्हटलं, “वहिनी, तुमच्या वॉरफेरिनचा शोधही चाऱ्यातूनच लागलाय. कुजलेला क्लोव्हर नावाचा चारा खाऊन गुरं रक्तस्रावाने मेली, तेव्हा त्यातलं द्रव्य हाती आलं आणि त्यावरूनच पुढे वॉरफेरिन बनलं.” रागावल्या. चहा घेतला, पण साखर कमी आहे म्हणून ऐकवलंच.

मी स्वतः घेतली का? नाही. एक कॅप्सूल उघडून बघितली: तपकिरी भुगा, जिभेच्या टोकाला कडवट-तुरट. तो कशाचा आहे ते चवीवरून आमच्या लॅबमध्येही कुणी सांगितलं नसतं.

विक्रेत्याला विचारलं: जात कोणती, साल की मूळ, बॅचचा रिपोर्ट आहे का, जड धातूंची तपासणी केली का? उत्तर आलं, ‘डिअर कस्टमर, आमचा माल शंभर टक्के ओरिजिनल आहे.’ बाटली परत घेत नाहीत, सील उघडलंय म्हणून. रिपोर्ट पाठवला तर वाचीन आणि तारे वाढवायचे की उतरवायचे ते तेव्हा बघीन.