फळझाडासाठी ग्रो बॅग की अर्धा ड्रम?

गच्चीवर लिंबू, पेरू, अंजीर लावायचं ठरलं की गाडी इथेच अडते: फेल्टची ग्रो बॅग, म्हणजे झाड लावायची जाड कापडी पिशवी घ्यावी, की २०० लिटरचा प्लास्टिकचा ड्रम मधोमध कापून घ्यावा? माझ्याकडे दोन्ही आहेत आणि दोन्हींत झाडं नीट वाढली आहेत. त्यामुळे एक चांगलं आणि दुसरं टाकाऊ असं काही मी म्हणणार नाही.

पिशवी हलकी आणि ड्रम जड हा समज मात्र आधी बाजूला ठेवा. वजन असतं ते ओल्या मातीचं. शंभर लिटर साधी माती भिजली की दीडशे किलोच्या पुढे जाते, मग ती कशातही भरा. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि गांडूळखत जास्त घातलं तर भार उतरतो. तरीही जागा तुळईवरची किंवा भिंतीलगतचीच धरावी.

मुळांसाठी पिशवी सरस, हे मान्यच करायला हवं. कापडापर्यंत आलेल्या मुळाचं टोक हवा लागून सुकतं आणि मागून बारीक तंतुमुळं फुटतात. ड्रममध्ये तेच मूळ भिंतीला थडकून गोल फिरत राहतं. दोन-तीन वर्षांनी कडेची मुळं छाटून नवी माती भरावी लागते आणि मोठ्या झाडाला ते दोन माणसांचं काम आहे.

पण मला पिशवीचा कंटाळा आणला तो पाण्याने. कापड चहूबाजूंनी सुकतं. कोकोपीट एकदा का कोरडं पडलं की पाणी शोषायचंच विसरतं. आक्रसून कडेला फट पडते, वरून ओतलेलं पाणी त्या फटीतून खाली उतरतं आणि कापडातून बाहेर. पिशवी बाहेरून ओलीचिंब, खाली थारोळं, आणि बुंध्याशी बोट खुपसावं तर आत भुसभुशीत कोरडं! लिंबाची पानं दुपारी द्रोणासारखी वळलेली, आणि पाणी तर सकाळीच दिलेलं. थोडं थोडं पाणी थांबून थांबून घातलं की मिश्रण परत भिजतं, हे खरं. पण रोज सकाळी तेवढी फुरसत कुणाला? शिवाय पिशवीच्या खालच्या अंगाला क्षारांचा पांढरा थर चढतो आणि गच्चीवर तपकिरी डाग पडतात, ते निराळंच.

ड्रमला मी भोकं तळाला न पाडता बाजूला, तळापासून दोन बोटं वर पाडतो. तळाशी थोडा ओलावा टिकतो, जास्तीचं पाणी निघून जातं. वर पाचोळ्याचं आच्छादन घातलं की उन्हाळ्यात एखादा दिवस पाणी चुकलं तरी झाड तोंड पाडत नाही. निळं प्लास्टिक मावळतीच्या उन्हात चांगलंच तापतं, म्हणून बाहेरून पांढरा रंग द्यावा किंवा गोणपाट गुंडाळावं.

ठिबक आणि टायमर बसवलेला असेल तर माझी तक्रार तुम्हाला कदाचित लागूही होणार नाही. मग पिशवी खुशाल घ्या. वांगी, टोमॅटो, पालेभाजीला तर मीही तीच वापरतो. वर्षानुवर्षं ठेवायचं झाड असेल तर मात्र माझा हात ड्रमकडे जातो. फक्त जुना ड्रम घेताना त्यात आधी काय भरलेलं होतं ते विचारा. खात्रीचं उत्तर मिळालं नाही किंवा आत रसायनाचा वास असला, तर तो घेऊ नका.