मॅस्टोडॉनचा काही महिन्यांचा अनुभव: काढलेली पोस्ट खरोखर जाते का?

मॅस्टोडॉन हे एकमेकांशी जोडलेल्या अनेक स्वतंत्र सर्व्हरांवर चालणारे समाजमाध्यम आहे. दापोलीच्या परिसरातील आम्ही काही जण मिळून त्याचा एक छोटा सर्व्हर चालवतो, त्याला आता बरेच महिने झाले. मी तेथे सदस्य आहे आणि मॉडरेटर म्हणूनही काम पाहतो. जाहिराती नाहीत, पोस्टी वेळेच्या क्रमाने दिसतात, हे खरेच सुखाचे आहे. परंतु मला येथे गोपनीयता आणि देखरेख (म्हणजे पोस्टी व तक्रारी हाताळण्याचे मॉडरेशन) यांविषयीच लिहायचे आहे.

हर्णै बंदरावरील मासळीच्या लिलावाचा एक फोटो एका सदस्याने टाकला होता. तो मोठा करून पाहिला की एका विक्रेत्या बाईंच्या उघड्या वहीतील गिऱ्हाइकांची नावे, मोबाइल क्रमांक आणि उधारीचे आकडे वाचता येत होते. बाईंच्या मुलाने तक्रार करताच आम्ही पोस्ट काढली. मात्र मॅस्टोडॉन ज्या ॲक्टिव्हिटीपब प्रोटोकॉलवर (सर्व्हरांनी एकमेकांशी बोलण्याच्या नियमांवर) चालतो, त्यात पोस्टची प्रत अनुयायांच्या सर्व्हरवर जाते आणि आपण मूळ पोस्ट काढली की त्या सर्व्हरांना केवळ तसा निरोप पोहोचतो. तो पाळणे न पाळणे तेथील सॉफ्टवेअरवर आणि ते चालवणाऱ्यांवर अवलंबून असते. बहुतेक ठिकाणची प्रत गेली. एका परदेशी सर्व्हरवर ती तशीच राहिली, पत्रांना उत्तर आले नाही, म्हणून अखेर आम्ही त्या सर्व्हरशी संबंध तोडला. त्यामुळे पुढची देवाणघेवाण थांबली, जुनी प्रत मात्र अजून तेथेच आहे.

आपल्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने (२०२३) संमतीने दिलेली माहिती पुसून घेण्याचा हक्क दिला आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतात. त्या वहीतील माणसांनी तर संमतीच दिली नव्हती, आणि स्वतःहून जाहीर केलेल्या माहितीला जी सूट आहे, तीही त्यांच्या बाबतीत लागू पडत नाही. व्यक्तीने घरगुती कारणासाठी हाताळलेली माहितीसुद्धा कायद्याच्या कक्षेबाहेर आहे. पण कोणालाही खाते देणाऱ्या सर्व्हरने या सवलतीच्या आड उभे राहू नये, असे माझे ठाम मत आहे. १८ वर्षांखालील मुलांसाठी पालकांची पडताळणी करता येण्याजोगी संमती लागते आणि ती घेण्याची व्यवस्था आमच्याकडे नाही, त्यामुळे अशी खाती आम्ही देत नाही. अकरावी-बारावीच्या मुलांना नकार देताना वाईट वाटते.

संमतीची सूचना राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील भाषांमध्येही देता आली पाहिजे, ही या कायद्यातील मला सर्वांत मोलाची वाटणारी तरतूद आहे. आम्ही ती आतापासूनच मराठीत दिली आणि तिच्यात स्पष्ट लिहिले, की ईमेल व आयपी पत्ता सर्व्हरवर नोंदला जातो आणि खासगी संदेश एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड (फक्त पाठवणारा व घेणारा यांनाच वाचता येतील असे) नसल्याने सर्व्हर चालवणाऱ्याला वाचता येऊ शकतात. व्हॉट्सॲपच्या सवयीने आलेल्यांना हे आधी सांगितलेच पाहिजे.

देखरेखीच्या बाबतीत मात्र लहान सर्व्हर उजवा ठरतो. निसर्ग चक्रीवादळात (जून २०२०) पडलेल्या माडांचा जुना व्हिडिओ कोणीतरी आजचा म्हणून फिरवला, तेव्हा आमच्यातील एकाने आंजर्ल्याची ती वाडी पाहताक्षणी ओळखली आणि पोस्ट लगेच काढता आली. मालवणी किंवा संगमेश्वरी बोलीतील टोमणा आणि धमकी यांतला फरकही आम्हाला कळतो. तक्रार दूरच्या सर्व्हरकडे पाठवली, तर तक्रारदाराचे नाव तिच्याबरोबर जात नाही, ही चांगली सोय आहे; परंतु तक्रारीत लिहिलेला मजकूर जातो, त्यामुळे त्यात स्वतःची ओळख पटेल असे काही लिहू नये.

खाते उघडण्याआधी सर्व्हर कोण चालवतो, बॅकअप किती दिवस ठेवतो आणि तक्रारीला कोण उत्तर देतो, हे विचारून घ्यावे. पुढे खाते दुसरीकडे हलवता येते आणि अनुयायीही सोबत येतात, पण जुन्या पोस्टी पहिल्याच सर्व्हरवर राहतात.