कुंकवाचा लाल रंग राखणारा एलईडी दिवा

गिरगावातल्या चाळीत, दहा बाय बाराच्या खोलीत, आम्ही नुकतेच एका लघुपटाचे दोन दिवस चित्रीकरण केले आणि त्यासाठी अंधेरीतल्या एका दुकानातून 300 वॅटचा बाय-कलर (पिवळसर ते निळसर पांढरा प्रकाश देणारा) एलईडी दिवा भाड्याने आणला. खोलीत 15 अँपिअरचा एकच सॉकेट होता. 2 किलोवॅटचा टंगस्टन (तापलेल्या तारेचा) दिवा एकटाच त्यातले जवळजवळ 9 अँपिअर घेतो आणि अर्ध्या तासात खोलीची भट्टी करतो. या एलईडी दिव्याचे काम दीड अँपिअरच्या आसपास भागले.

मात्र माझे मन जिंकले ते आजीच्या भूमिकेतल्या बाईंच्या कपाळावरच्या कुंकवाने. पांढरा एलईडी मुळात निळा असतो. त्या निळ्या प्रकाशाचा काही भाग पिवळसर फॉस्फरच्या थरात शोषला जाऊन लांब तरंगलांबीचा होऊन बाहेर पडतो आणि दोन्ही मिळून डोळ्याला पांढरे भासतात. या मिश्रणात गडद लाल रंग सहसा कमी पडतो. खोक्यावर छापलेला सीआरआय, म्हणजे दिव्याखाली रंग किती खरे दिसतात याचा आकडा, ही आठ फिक्या रंगनमुन्यांची सरासरी असते आणि गडद लाल, म्हणजे आर-9, तिच्यात धरलेलाच नसतो. त्यामुळे 90 हून अधिक सीआरआयच्या दिव्यातही त्वचा निस्तेज दिसू शकते. माझ्या जुन्या स्वस्त पॅनेलखाली हेच कुंकू विटकरी दिसले होते; या दिव्याखाली ते लालच राहिले आणि गालावरची ऊबही टिकली. सकाळी खिडकीतल्या उजेडाशी 5600 केल्विनवर (दिवसासारखा पांढरा प्रकाश) आणि रात्रीच्या प्रसंगात 3200 वर (पिवळसर) तो नीट जुळला.

तक्रार आहे ती मंद प्रकाशाची. दुकानात 'फ्लिकर-फ्री' (न लुकलुकणारा) असे सांगितले होते, तरी सेकंदाला 100 फ्रेमवर, दिवा दहा टक्क्यांवर आणताच मागच्या भिंतीवर आडवे पट्टे सरकू लागले. मंद करताना असे बरेच दिवे प्रत्यक्षात अतिशय वेगाने चालू-बंद होतात. डोळ्याला ते कळत नाही, पण वेगवान शटरला कळते. शेवटी दिवा साठ टक्क्यांवर ठेवून दाराबाहेर गॅलरीत नेला, दारात दुहेरी बटर पेपर लावला, तेव्हा पट्टे गेले. दिव्यातल्या पंख्याची घरघरही कुजबुजीच्या संवादांत माइकने पकडली होती; दिवा बाहेर गेल्यावर तीही थांबली.

हाच दिवा मी पुन्हा घेईन, पण भाडे ठरवण्याआधी दुकानातच तो दहा टक्क्यांवर लावून, कॅमेरा 100 फ्रेमवर ठेवून भिंत तपासेन आणि सोबत कुंकवाचा करंडा नेईन.