डेल्टा व्हीएफडी-ईएल: घरच्या सिंगल फेजवर दोन एचपीचं लेथ

सिंगल फेज २३० व्होल्ट आत, थ्री फेज २३० व्होल्ट बाहेर. डेल्टा कंपनीचा ईएल मालिकेतला ड्राइव्ह (व्हीएफडी, म्हणजे मोटरला वीज देऊन तिचा वेग बदलणारं इलेक्ट्रॉनिक यंत्र) एवढंच काम करतो आणि चोख करतो. दोन एचपीसाठी त्यातलं १.५ किलोवॉटचं मॉडेल लागतं, व्हीएफडी०१५ईएल२१ए. आउटपुट ७.५ अँपिअर, इनपुट १५.७ अँपिअर. मालिका जुनी आहे, पण लहान लेथ किंवा ड्रिलसाठी पुरेशी आहे. घ्यावा का, हे मात्र दुकानात जाण्याआधी मोटरच्या पाटीवर वाचावं. बाहेर पडणारे व्होल्ट २३०च असतात, ४१५ कधीच मिळत नाहीत, आणि बहुतेकांची फसगत इथेच होते.

आपल्याकडच्या मोटरी साधारणपणे दोन एचपीपर्यंत ४१५ व्होल्ट स्टार आणि तीन एचपीपासून वर ४१५ व्होल्ट डेल्टा असतात (स्टार आणि डेल्टा या वाइंडिंग जोडण्याच्या दोन पद्धती, कंपनीच्या नावाशी संबंध नाही). स्टारवाली मोटर डेल्टात जोडली की तीच २३०-२४० व्होल्टची होते आणि पूर्ण ताकद देते. टर्मिनल बॉक्स उघडा. तीन-तीन स्टडच्या दोन ओळी दिसतील, आणि एका ओळीवर पितळी पट्ट्या आडव्या टाकून तिन्ही स्टड एकत्र केलेले असतील. हा स्टार. त्या काढून वरचा-खालचा स्टड जोडणाऱ्या तीन उभ्या पट्ट्या टाकल्या की डेल्टा. पाटीवर ३.४ अँपिअर असेल तर डेल्टात तो १.७३ पटीने वाढून ५.९ होतो. ७.५च्या ड्राइव्हला हे आरामात झेपतं.

बॉक्समधून तीनच वायरी बाहेर आल्या असतील, तर स्टारचा सांधा वाइंडिंगच्या आत बांधलेला आहे. मोटर वायंडरकडे न्या आणि "सहा लीड बाहेर काढून द्या" असं स्पष्ट सांगा. कॉइलच्या टोकाची दोरी सोडून सांधा शोधायचा, तीन नवीन लीड जोडायच्या, स्लीव्ह आणि वार्निश करायचं. रिवाइंडिंगची गरज नाही, आणि तेवढे पैसे देऊही नका.

तीन एचपीच्या ४१५ डेल्टा मोटरला हा उपाय नाही. २.२ किलोवॉटचा ड्राइव्ह लावला तरी २३० व्होल्टवर तिला पूर्ण टॉर्क साधारण २८ हर्ट्झपर्यंतच मिळतो, त्यापुढे ताकद दीड एचपीच्या थोडी वर अडकते. ड्राइव्हच्या सेटिंगमधल्या ०१.०१ या क्रमांकात २७.७ (हर्ट्झ) आणि ०१.०२ मध्ये २३० (व्होल्ट) भरून, पट्टा वेगाच्या पुलीवर टाकून हलकी कामं निघतात. पूर्ण तीन एचपी हवे असतील तर २३० व्होल्टला रिवाइंड करा किंवा मोटर बदला.

आता इनपुटकडे या. १५.७ अँपिअर १६ अँपिअरच्या सॉकेटवर चालवू नका. पिन तापते, सॉकेट पिवळा पडतो. मीटरजवळच्या बोर्डापासून ४ चौरस मिमी तांब्याची वेगळी लाइन, २५ अँपिअर सी कर्व्ह एमसीबी आणि पक्कं अर्थिंग हवं. वीजबिलावरचा मंजूर भारही आधी पाहा. आरसीसीबी (अर्थमध्ये करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) उडणं ही नेहमीची तक्रार. ड्राइव्हच्या आतला फिल्टर थोडा करंट अर्थमध्ये सोडतच असतो, मोटरची केबल लांब असेल तर तो वाढतो. फ्रिज आणि कॉम्प्युटरची गळती त्याच आरसीसीबीवर असेल तर ३० मिलिअँपिअरची मर्यादा सहज गाठली जाते. आरसीसीबी काढून टाकणं हा जीवघेणा उपाय आहे. वर्कशॉपच्या लाइनला स्वतंत्र एफ किंवा बी टाइपचा बसवा आणि मोटरची केबल आखूड, शील्डवाली ठेवा.

लेथचा जुना फॉरवर्ड-रिव्हर्स स्विच मोटरच्या लाइनमध्ये राहू देऊ नका. चालू ड्राइव्हचं आउटपुट तोडलं-जोडलं की ओव्हरकरंट ट्रिप येतो आणि कधीतरी आयजीबीटीच (ड्राइव्हच्या आतला पॉवर ट्रान्झिस्टर) जातो. ड्राइव्हची यू, व्ही, डब्ल्यू ही आउटपुट टर्मिनल सरळ मोटरला द्या. स्विचचे संपर्क एमआय१, एमआय२ आणि डीसीएम या कंट्रोल टर्मिनलवर आणा आणि ०२.०१ मध्ये १ भरा. सेटिंग आधी ००.०२ मध्ये ९ भरून ५० हर्ट्झच्या मूळ स्थितीवर आणा, मग ०७.०० मध्ये मोटरचा करंट, ५.९. वेग चढायला (०१.०९) ३ सेकंद, उतरायला (०१.१०) ५ सेकंद ठेवून सुरुवात करा. पुढच्या नॉबवरून वेग हवा असेल तर ०२.०० मध्ये ४.

मोठा चक झटकन थांबवायला गेलात तर मोटर जनरेटर बनते, डीसी बस (ड्राइव्हच्या आतला डीसी व्होल्टेज) ४०० व्होल्टच्या वर जाते आणि ओव्हरव्होल्टेज ट्रिप येतो. यात ब्रेक चॉपर (ही जादा वीज रेझिस्टरमध्ये जिरवणारा भाग) आतमध्ये नाही, बाहेरून ब्रेक युनिट लावावं लागतं. माझ्या मते या मालिकेची सगळ्यात मोठी उणीव हीच. पण आटे असलेल्या स्पिंडलवर चक बसत असेल तर चॉपर असूनही जोरात ब्रेक मारू नका. फिरता चक आट्यांवरून सुटून बाहेर येतो. थांबायला दहा सेकंद लागले तरी चालेल.

२० हर्ट्झखाली फार वेळ जड कट घेऊ नका. मोटरचा पंखा तिच्याच शाफ्टवर असतो. वेग कमी झाला की हवाही कमी. खालचा वेग पट्ट्याने किंवा गिअरने काढा, नॉब बारीक फरकासाठी ठेवा.

लेथवर थ्री फेज कूलंट पंप किंवा ४१५ व्होल्ट कॉइलचा कॉन्टॅक्टर असेल तर ते यावर चालणार नाहीत. पंप सिंगल फेजचा घ्या. एकाच शेडमध्ये चार मशीन असतील तर रोटरी कन्व्हर्टरचा (फिरत्या मोटरने सिंगल फेजचे थ्री फेज करणारं यंत्र) हिशोब करून पाहा. नुसत्या कपॅसिटरवर चालवलेली मोटर मात्र तापते आणि जेमतेम दोन तृतीयांश ताकद देते. आणि जॉबवर्क घेऊन धंदा करायचा असेल तर घरगुती मीटरवर करू नका. वीज कायदा २००३च्या कलम १२६ खाली दुप्पट दराने आकारणी होते.

ड्राइव्ह भिंतीवर उभाच लावा, खाली-वर हवेला जागा सोडा आणि ग्राइंडर व लेथच्या तोंडापासून दूर ठेवा. बिडाचा बुरा वीज वाहतो, आत गेला तर कार्ड जळतं. पुसायला झाकण उघडताना एमसीबी पाडून दहा मिनिटं थांबा, कपॅसिटरमध्ये तोवर ३०० व्होल्टहून जास्त डीसी असू शकतो. हात लावण्याआधी मीटरने मोजा.